नरक्या, सदाफुली आणि नॅनोकॅप्सूल : रक्ताच्या कर्करोगाचे औषध कसे बनते? शेतकऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

भातकापणी आटोपली की कोकणात औषधी वनस्पतींचे खरेदीदार वाड्यावाड्यांवरून फिरू लागतात. कोणी हिरडा-बेहडा मागतो, कोणी वावडिंग. कधीकधी एखादा नरक्याच्या मुळांची, सालीची चौकशी करतो आणि सांगतो, ‘‘यापासून कॅन्सरचे औषध होते, परदेशात जाते, सोन्याचा भाव मिळतो.’’ दुसरा सदाफुलीच्या लागवडीची योजना घेऊन येतो. अलीकडे यात ‘नॅनो’ हा शब्दही जोडला जातो. ‘‘नॅनोकॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीला माल हवा आहे,’’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला सारे खरे वाटू लागते.

या बोलण्यात थोडे खरे असते आणि बरेचसे अर्धवट असते. नरक्या आणि सदाफुली या दोन्ही वनस्पतींतील घटक रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनाशी जोडलेले आहेत, हे खरे. परंतु झाडातला घटक आणि रुग्णाला दिले जाणारे औषध यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर समजले नाही, तर एकीकडे जंगलातले झाड मुळासकट जाते आणि दुसरीकडे घरातला रुग्ण पाल्याच्या काढ्यावर महिनोन्महिने घालवतो. संगमेश्वर तालुक्यातील शेतकरी आणि कृषी सहायकांसमोर हे दोन्ही प्रश्न येऊ शकतात, म्हणून ही माहिती.

रक्ताचा कर्करोग म्हणजे काय?

आपल्या हाडांच्या आतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्तपेशी तयार होतात. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींची वाढ ताबा सोडून होते. भाताच्या खाचरात तण माजले की रोपाला जागा, अन्न, उजेड मिळत नाही, तसेच येथे होते. रोगट पेशी मगजाची जागा व्यापतात. त्यामुळे तांबड्या पेशी कमी होऊन रुग्ण फिकट पडतो, दम लागतो. बिंबिका कमी झाल्याने हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे-काळे डाग पडतात. निरोगी पांढऱ्या पेशी घटल्याने ताप वारंवार येतो.

हा रोग गाठीसारखा एका जागी नसतो. तो रक्तात आणि मगजात सर्वत्र पसरलेला असतो. म्हणून शस्त्रक्रियेने काढून टाकता येत नाही. रक्तावाटे सगळीकडे पोहोचणारे औषधच लागते. पण असे औषध निरोगी पेशींपर्यंतही पोहोचते आणि त्यांना इजा करते. नॅनोकॅप्सूलची कल्पना येथूनच पुढे आली.

नरक्या : सह्याद्रीतले झाड आणि नंदुरबारचे शास्त्रज्ञ

नरक्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलात वाढणारे हे लहान झाड आहे. त्याच्या फुलांना उग्र, नकोसा वास येतो. पिकलेली फळे जांभळट-काळसर दिसतात. या झाडाच्या खोडात, सालीत आणि विशेषतः मुळांत कॅम्पटोथेसिन नावाचा घटक असतो. त्याचे प्रमाण साधारणपणे वाळलेल्या वजनाच्या ०.१ ते ०.३ टक्के असते. ठिकाण, झाडाचे वय आणि भाग यांनुसार ते बदलते.

हा घटक पहिल्यांदा सापडला तो नरक्यात नव्हे, तर चीनमधील कॅम्पटोथेका या झाडात. १९६६ मध्ये अमेरिकेतील मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबारचा. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल या दुसऱ्या प्रसिद्ध कर्करोगविरोधी घटकाची रचनाही याच दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह उलगडली. कॅम्पटोथेसिनची पहिली ओळखच उंदरांमधील रक्ताच्या कर्करोगाला रोखणारा घटक अशी झाली. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तोच घटक आपल्या नरक्यातही असल्याचे दाखवले. तेव्हापासून सह्याद्रीतील या झाडामागे व्यापार लागला.

कॅम्पटोथेसिन काम कसे करते? पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील गुणसूत्रांच्या धाग्याची प्रत तयार व्हावी लागते. त्या वेळी धाग्याला पडणारा पीळ सोडवण्यासाठी एक विकर धाग्याला छेद देते आणि पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिन त्या विकराला छेद दिलेल्या जागीच अडकवून ठेवते. धागा तुटतो आणि पेशी मरते. भराभर वाढणाऱ्या रोगट पेशींवर याचा परिणाम जास्त होतो.

घटक गुणी, पण औषध म्हणून नापास का झाला?

येथे शेतकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्पटोथेसिन रुग्णांना देऊन पाहिले गेले. तो प्रयत्न थांबवावा लागला. त्याची कारणे अशी होती :

- हा घटक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्यामुळे तो शिरेतून देता येईना.
- विरघळावा म्हणून त्याचे सोडियम क्षारात रूपांतर केले. तसे करताना त्याच्या रेणूतील एक महत्त्वाचे कडे उघडले आणि औषधाचा जोर कमी झाला.
- रक्ताचा सामू साधारण ७.४ असतो. या सामूला चांगल्या अवस्थेतील घटकाचे कडेही हळूहळू उघडते. म्हणजे रक्तात शिरल्यावर औषध निकामी होऊ लागते.
- मूत्राशयात मात्र आम्लतेमुळे ते पुन्हा सक्रिय होते. त्यामुळे रुग्णांना मूत्राशयाचा दाह व रक्तस्राव झाला.

पुढे शास्त्रज्ञांनी रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधे बनवली. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. ती मुख्यतः अंडाशय, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरली जातात. मुळातला घटक ज्या रोगावर गुणकारी दिसला, त्या रक्ताच्या कर्करोगातील नेहमीच्या उपचारात त्याला तसे स्थान मिळाले नाही. झाडात गुण असणे आणि त्या गुणाचे औषध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

नॅनोकॅप्सूल म्हणजे काय?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. औषधासाठी वापरल्या जाणाऱ्या नॅनोकॅप्सूल बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. आपल्या डोक्याचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. यावरून त्यांच्या सूक्ष्मपणाची कल्पना यावी.

रचना समजण्यासाठी उकडीचा मोदक डोळ्यांसमोर आणा. बाहेर तांदळाच्या उकडीची पारी, आत सारण. नॅनोकॅप्सूलमध्ये सारण म्हणजे औषध आणि पारी म्हणजे स्निग्ध पदार्थाचे किंवा शरीरात विघटन होणाऱ्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे कवच. स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराची पारी असेल, तर त्या कुपीला लिपोसोम म्हणतात.

तिचे काम समजायला आपल्याच शेतातले उदाहरण घेऊ. भातात युरिया फोकून दिला तर पावसाच्या पाण्याबरोबर बराच वाहून जातो. तोच युरिया-डीएपी ब्रिकेटच्या रूपात चार चुडांच्या मध्ये चिखलात खोचला, तर हळूहळू विरघळतो आणि रोपाला दीर्घकाळ मिळतो. खत तेच, पण देण्याची रीत बदलली. नॅनोकॅप्सूलही औषध बदलत नाही, ते देण्याची रीत बदलते. तिचे अपेक्षित फायदे असे :

- पाण्यात न विरघळणारा घटक रक्तातून वाहून नेता येतो.
- कवचाच्या आतला सामू आम्ल ठेवला, तर कॅम्पटोथेसिन वर्गातील औषधाचे कडे बंद राहते. ते वाटेत निकामी होत नाही.
- औषध हळूहळू सुटते आणि रक्तात जास्त काळ टिकते.
- काही निरोगी अवयवांवर होणारा मारा कमी होऊ शकतो.

कॅम्पटोथेसिन वर्गात हे प्रत्यक्षात उतरले आहे. लिपोसोममध्ये भरलेल्या इरिनोटेकॅनला २०१५ मध्ये अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगात असा प्रयोग प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत पोहोचला तो सदाफुलीतल्या घटकाचा.

सदाफुली : परसातल्या फुलाचे मोठे काम

सदाफुली मूळची मादागास्करची. शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस. आपल्याकडे तुळशीवृंदावनाजवळ, कुंपणाला, देवळाच्या आवारात ती सहज उगवते. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे शास्त्रज्ञ तिचा पाला मधुमेहावर उपयोगी आहे का, ते तपासत होते. मधुमेहावर काही दिसले नाही, पण प्रयोगातील प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी एकदम कमी झाल्या. पांढऱ्या पेशी कमी करणारा पदार्थ पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालेल, हा धागा तेथे सापडला. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिंक्रिस्टिन ही औषधे मिळाली. व्हिंक्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज लहान मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगाच्या उपचारात ते जगभर वापरले जाते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

पेशी दुभंगताना आतमध्ये दोरीसारखे सूक्ष्म तंतू तयार होतात आणि गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात. व्हिंक्रिस्टिन हे तंतू तयारच होऊ देत नाही. पेशीची विभागणी अडते आणि ती मरते. अडचण अशी की आपल्या मज्जातंतूंनाही असेच तंतू लागतात. म्हणून या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, तीव्र बद्धकोष्ठता होते. या त्रासामुळे प्रौढ रुग्णाला एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर मात्रा देत नाहीत.

हेच औषध लिपोसोममध्ये भरून अधिक मात्रेत देता येईल का, हे तपासले गेले. अशा औषधाला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती इतर उपचार थकलेल्या, विशिष्ट प्रकारच्या तीव्र रक्तकर्करोगाच्या प्रौढ रुग्णांसाठी होती आणि लाभ पक्का करणारी पुढील चाचणी पूर्ण करण्याच्या अटीवर होती. ती चाचणी पूर्ण झाली नाही आणि २०२२ मध्ये मान्यता काढून घेण्यात आली. साधे व्हिंक्रिस्टिन मात्र आजही मुलांना वाचवत आहे. म्हणून ‘नॅनो’ शब्द दिसला की ते जुन्यापेक्षा चांगलेच असेल, असे समजू नये.

प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णाचे बरे होणे

वनस्पतींतील घटक नॅनोकॅप्सूलमध्ये भरून रक्तकर्करोगाच्या पेशींवर तपासण्याचे काम देश-विदेशातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. त्यात कॅम्पटोथेसिन आहे, हळदीतील कुरकुमिनही आहे. बातमीत ‘९० टक्के पेशी मेल्या’ असे वाचले, तर त्या पेशी कोठे होत्या हे पाहावे. काचेच्या बशीतील पेशी मारणे तुलनेने सोपे असते. बशीत यकृत नसते, प्लीहा नसते, रक्तप्रवाह नसतो.

प्रत्यक्ष शरीरात नॅनोकॅप्सूल शिरल्यावर यकृत आणि प्लीहेतील पेशी त्यांना परके समजून पकडतात. ते टाळण्यासाठी कवचावर आणखी एक थर द्यावा लागतो. शिवाय गाठीच्या कर्करोगात रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असतात, त्यामुळे कुप्या गाठीत साचू शकतात. रक्ताच्या कर्करोगात गाठच नसते. तेथे कुपी मगजापर्यंत पोहोचावी आणि रोगट पेशीलाच चिकटावी म्हणून कवचावर त्या पेशीची खूण ओळखणारी प्रथिने बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. शिवाय प्रत्येक खेपेला सारख्या आकाराच्या, निर्जंतुक कुप्या बनवणे हे खर्चिक काम आहे.

नव्या जातीचे बियाणे आधी संशोधन केंद्रात, मग बहुस्थानी चाचणीत आणि शेवटी शेतकऱ्याच्या शेतात तपासले जाते. औषधही तसेच पेशी, प्राणी आणि मग माणसांवरील तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या पायरीवरील बातमीवर शेवटच्या पायरीचा व्यवहार करू नये.

हळदीबाबत एक खुलासा

हळदीत जातीनुसार साधारण २ ते ५ टक्के कुरकुमिन असते. तेही पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. म्हणूनच त्याच्या नॅनोकॅप्सूल बनवण्याचे प्रयत्न होतात. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून हळद जरूर घ्यावी. तिला मसाल्याची, लोणच्याची, घरगुती वापराची बाजारपेठ आहे. पण ‘कॅन्सरवर गुणकारी हळद’ असे लेबल लावून विकू नये. त्याला पुरावा नाही आणि असा दावा करणे कायद्यानेही अडचणीचे आहे.

नरक्याबाबत काय करावे?

नरक्याचा घटक मुळांत जास्त असल्याने तोडणारा माणूस झाड मुळासकट उपटतो. हिरडा-बेहड्याचे फळ गोळा केले तर झाड उभे राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा फळ देते. नरक्याचे तसे नाही. एकदा मूळ गेले की बी देणारे झाडही गेले. सह्याद्रीच्या अनेक भागांत यामुळे त्याची संख्या घटली आहे.

- वनजमिनीतील नरक्या तोडणे, उपटणे, वाहून नेणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. व्यापारी पळून जातो, पकडला जातो तो मुळे खणणारा गावकरी.
- कोकणात बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे. जंगलतोडीचा सौदा करताना ठेकेदार सरपणाच्या लाकडाबरोबर नरक्याही नेतो. जमीन स्वतःची असली तरी तोड व वाहतुकीपूर्वी वनक्षेत्रपाल कार्यालयात लेखी विचारणा करावी.
- जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातील नरक्याची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्यावी. व्यापारी कारणासाठी माल मागणाऱ्याला समितीसमोर येण्यास सांगावे.
- देवराईतील नरक्याला हात लावू नये. देवराईतील झाडे हीच पुढच्या रोपांसाठी बियांची पेढी आहेत.
- लागवड करायची असल्यास पिकलेल्या फळांतील ताजे बी घ्यावे. जुने बी नीट उगवत नाही. रोपे सावलीच्या रोपवाटिकेत वाढवावीत. आंबा-काजूच्या मोकळ्या बागेपेक्षा जंगलाला लागून असलेल्या, ओल टिकणाऱ्या, अर्धसावलीच्या जागेत ती बरी वाढतात.
- हे झाड असल्याने उत्पन्नासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. खरेदीची लेखी हमी नसताना मोठे क्षेत्र गुंतवू नये. बांधावर, उतारावर, संवर्धन म्हणून काही झाडे लावणे योग्य.

नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतूनही कॅम्पटोथेसिन मिळते, असे भारतीय शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले. अशा पद्धती परवडू लागल्या, तर झाडाच्या मुळांची मागणी घटेल. आज लावलेले झाड विकण्याजोगे होईपर्यंत बाजार बदलू शकतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरी वाट आपल्याच तालुक्यात आहे. देवरुख परिसरात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था देवराया आणि खासगी जंगले राखण्यासाठी गावकऱ्यांबरोबर काम करते. तिच्या प्रयत्नांतून सह्याद्रीतील हिरडा-बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड हे जंगली मालाचे प्रमाणपत्र मिळाले. झाड राखून त्याच्या फळावर पैसे मिळवण्याची ही रीत आहे. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो, तोही यामुळे वाचतो.

सदाफुलीची लागवड संगमेश्वरात परवडेल का?

सदाफुली कडू आणि विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. वानर-माकडांच्या उपद्रवाने कंटाळलेल्या शेतकऱ्याला हे आकर्षक वाटते. तरीही पुढील बाबी तपासाव्यात.

- हवामान : या पिकाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. साचलेल्या पाण्यात मूळकूज व शेंडेमर होते. देशात तिची व्यापारी लागवड मुख्यतः तमिळनाडूच्या कोरड्या भागात होते. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे खरिपात सपाट खाचरात लागवड करू नये. वरकस, उताराच्या जांभ्या जमिनीत, गादीवाफ्यावर, पावसाचा जोर ओसरल्यावर लावावी.
- जाती : लखनौच्या सीमॅप संस्थेच्या निर्मल आणि धवल या पांढऱ्या फुलांच्या जाती आहेत.
- बियाणे व अंतर : रोपवाटिकेसाठी हेक्टरी सुमारे ५०० ग्रॅम बी पुरते. बी उजेडात नीट उगवत नाही, म्हणून मातीने हलके झाकावे. रोपे ४५ × ३० सेंमी अंतरावर लावावीत.
- काढणी : साधारण ६ व ९ महिन्यांनी पाला काढतात. १२ महिन्यांनी मुळे काढतात. मुळांतील अजमालिसिन हा घटक रक्ताभिसरणाशी संबंधित औषधांत वापरला जातो. पाला सावलीत वाळवावा लागतो. कोकणातील दमट हवेत बुरशी लागण्याचा धोका असतो.
- उत्पादन : कोरडवाहू पिकात हेक्टरी सुमारे २ टन वाळलेला पाला आणि ०.७५ टन मुळे, असे शिफारशीतील आकडे आहेत. ते निचऱ्याच्या, अनुकूल भागातील आहेत.

आता हिशेब पाहू. पाल्यात व्हिंक्रिस्टिनचे प्रमाण इतके अल्प असते, की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. म्हणजे एका हेक्टरच्या पाल्यातून जेमतेम बोटांवर मोजता येतील एवढे ग्रॅम मिळतात. दुसरीकडे, २ मिलिग्रॅमच्या मात्रेने एका ग्रॅममध्ये ५०० मात्रा होतात. गरज ग्रॅम-किलोत मोजली जाते. शिवाय कारखाने पाल्यात जास्त प्रमाणात असलेले विंडोलिन व कॅथरँथिन हे दोन घटक जोडूनही औषध बनवतात. २०२२ मध्ये यीस्टच्या साहाय्याने हे दोन घटक बनवण्यातही शास्त्रज्ञांना यश आले. औषध महाग असले, तरी पाल्याची किंमत त्या औषधाच्या भावाने ठरत नाही. औषधाच्या किमतीत शुद्धीकरण, चाचण्या आणि निर्जंतुक निर्मितीचा खर्च मोठा असतो. खरेदीदार औषधाचा भाव दाखवून पाल्याचे स्वप्न विकत असेल, तर सावध राहावे.

करार करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

- खरेदीदार कारखाना आहे की मध्यस्थ? औषधनिर्मिती किंवा अर्क काढण्याचा परवाना दाखवतो का?
- दर, प्रत, ओलाव्याची मर्यादा आणि वजन कोठे होणार, हे करारात लिहिले आहे का?
- घटकाचे प्रमाण कोणती प्रयोगशाळा तपासणार? कमी निघाल्यास माल परत येणार का?
- रोपे त्याच्याकडूनच विकत घेण्याची अट आहे का? नफा रोपविक्रीत असेल, तर खरेदी होईलच असे नाही.
- यापूर्वी ज्यांच्याकडून खरेदी केली, अशा दोन शेतकऱ्यांची नावे देतो का? त्यांना प्रत्यक्ष भेटावे.

दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालय येथे सल्ला घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. सुरुवात दोन-चार गुंठ्यांपासून करावी.

घरी रुग्ण असल्यास

ही सूचना सर्वांत महत्त्वाची. सदाफुलीचा पाला चावून खाणे, नरक्याच्या सालीचा काढा घेणे हे रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार नाहीत. पाल्यात अनेक अल्कलॉइड एकत्र असतात. कोणते किती गेले, हे कळत नाही. औषधाच्या मात्रेइतका घटक मिळत नाही आणि विषबाधा मात्र होऊ शकते. व्हिंक्रिस्टिन फक्त शिरेतून, प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून दिले जाते. ते चुकून पाठीच्या कण्यात गेल्यास प्राणघातक ठरते, इतके ते जहाल आहे.

- दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा ताप, फिकटपणा, हिरड्यांतून रक्त, विनाकारण काळे-निळे डाग, हाडे दुखणे, मानेत वा काखेत गाठी अशी लक्षणे दिसल्यास आठवडा न दवडता ग्रामीण रुग्णालयात रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यावी.
- मुलांतील तीव्र रक्तकर्करोग वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतल्यास बहुतेकदा बरा होतो. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत.
- परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.
- काढा, हळदीच्या गोळ्या, मुळी-जडीबुटी काहीही चालू असेल, तर डॉक्टरांना न लपवता सांगावे. काही वनस्पती यकृतातील विकरांवर परिणाम करतात. त्यामुळे औषधाची रक्तातील पातळी वाढते किंवा घटते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावसभेत हा विषय मांडताना तीन गोष्टी ठसवाव्यात. एक, झाडातील घटक म्हणजे औषध नव्हे. दोन, मुळावर चालणारा व्यापार झाड संपवतो, फळावर चालणारा व्यापार झाड राखतो. तीन, कर्करोगाची शंका आली तर पहिली पायरी रक्ततपासणी, काढा नव्हे. आशा कार्यकर्ती, जैवविविधता समितीचे सदस्य आणि वनरक्षक यांना एकाच बैठकीस बोलावले, तर शेत, जंगल आणि आरोग्य या तिन्ही बाजूंची उत्तरे गावाला एका वेळी मिळतील.

आपल्या रानातले नरक्याचे झाड आज तोडले, तर हातात एकदाच पैसे येतील, तेही थोडे. ते उभे राहिले, तर त्याचे बी राहील आणि उद्याच्या संशोधनाला ते उपयोगी पडेल. नंदुरबारच्या एका मुलाने अशाच एका झाडातून अवघ्या जगाला औषधाची वाट दाखवली. पुढची वाट दाखवणारे झाड कोणते असेल, हे आज सांगता येत नाही. म्हणून मुळे खणायला माणूस आला, तर आधी त्याला ग्रामपंचायतीची वाट दाखवा.